उलटं टांगून कंबर सुटते का?

टेबल आणलं होतं मावसभावासाठी, पण पहिल्या संध्याकाळी त्यावर सगळ्यात आधी टांगून घेतलं ते त्याच्या नववीतल्या मुलाने. मग वहिनीने. मग शेजारच्या फ्लॅटमधले दोघं आले. ज्याची कंबर धरली होती त्याचा नंबर पाचवा लागला. नाशिकला पाथर्डी फाट्यावरच्या त्या हॉलमध्ये दिवाण भिंतीला सरकवून उभं केलेलं हे इनव्हर्जन टेबल म्हणजे लोखंडी सांगाड्यात मधोमध बिजागरीवर फिरणारी लांबट फळी. तिला पाठ टेकून घोटे खालच्या पकडीत अडकवायचे आणि हात डोक्यामागे न्यायचे, की तोल सरकून माणूस हळूहळू उलटा होतो. मावशी म्हणत होती, "अरे, काकांनाही घेऊ दे की एकदा. त्यांचीही कंबर धरतेच." काका चष्मा काढून तयारच होते.

काकांच्या डोळ्यांत रोज रात्री काचबिंदूचे थेंब घालावे लागतात. वहिनीला ते ऐन वेळी आठवलं आणि काका दिवाणावर परत बसले.

आमच्या नाशिकमध्ये दुखऱ्या कंबरांना तोटा नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळी भरणारे, महामार्गावर रोज दुचाकी दामटणारे, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचे क्रेट उचलणारे, दिवसभर संगणकासमोर बसणारे, सगळ्यांचीच कधी ना कधी बोलते. उपायही ठरलेले: शेक, मालिश, पट्टा, उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय, आणि आता हे घरपोच येणारं टेबल. त्यावर टांगून घेतलं की पाच मिनिटं खरंच मोकळं वाटतं. ते खोटं नाही. प्रश्न एवढाच, की हे मोकळं वाटणं म्हणजे बरं होणं का, आणि घरातल्या कोणत्या शरीराला त्याची किती किंमत पडते.

आधी कंबरेत काय असतं ते पाहू. कण्यात २४ हलते मणके आणि त्यांच्यामध्ये २३ चकत्या असतात. चकतीच्या पोटात पाणीदार गर आणि त्याभोवती चिवट तंतूंची कडी. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, वरखालच्या मणक्यांतून जे पाझरेल त्यावर तिचं भागतं. दिवसभर उभ्या-बसल्या शरीराचा भार पडून तिच्यातलं थोडं पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झाल्यावर ते परत भरतं. त्यामुळे संध्याकाळी आपण सकाळपेक्षा साधारण एक टक्क्याने, म्हणजे दीडेक सेंटिमीटरने, बुटके असतो आणि यातली निम्म्याहून अधिक घट उठल्यावरच्या पहिल्या तासातच होते. सगळ्यात जास्त भार खालच्या दोन चकत्यांवर, म्हणजे रिपोर्टात 'एल-४, एल-५' आणि 'एल-५, एस-१' असं लिहितात त्यांच्यावर. तिथली कडी फाटून गर बाहेर आला आणि पायाकडे जाणाऱ्या नसेला भिडला, की ढुंगणापासून पोटरीपर्यंत चमक मारते. लोक म्हणतात, "नस दबली." डॉक्टर म्हणतात, सायटिका.

दबलंय तर ओढून मोकळं करावं, हा विचार कोणालाही सुचेल आणि तो फार जुना आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या काळात, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, वाकड्या पाठीच्या रोग्याला शिडीला बांधून, कधी डोकं वर तर कधी पाय वर करून, उंचावरून आदळत खाली सोडायची पद्धत होती. गंमत म्हणजे हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात या उपायाचं वर्णन आहे आणि नाराजीही आहे: हे करणारे वैद्य रोग्यापेक्षा बघ्यांसाठी करतात, माणूस उलटा टांगलेला पाहून गर्दी थक्क होते एवढंच त्यांना हवं असतं, असा त्याचा सूर आहे.

आजचं टेबल अमेरिकेतून आलं. कॅलिफोर्नियातले रॉबर्ट मार्टिन नावाचे डॉक्टर घोट्यांना आकडे असलेले बूट घालून दांड्याला उलटं लटकण्याचा प्रचार करत होते. १९८० मध्ये 'अमेरिकन जिगोलो' या चित्रपटात रिचर्ड गिअर तसा लटकलेला दिसला आणि त्या बुटांची लाट आली. पुढच्याच वर्षी रॉजर टीटर यांनी कंपनी काढली, तिचं नाव आजही या टेबलांच्या बाजारात मोठं आहे.

दवाखान्यात 'वजन लावतात' तेव्हा कमरेच्या पट्ट्याला वजनं बांधून ओढ देतात. टेबलावर तेच काम आपलं धड करतं. सत्तर किलोच्या माणसाचं कंबरेच्या वरचं वजन ढोबळमानाने निम्मं, पस्तीस किलो धरू. फळी आडवी असताना ओढ शून्य. तीस अंश उलटी केली की पस्तीसची निम्मी, म्हणजे साडेसतरा किलो. साठ अंशांना तीस किलो. पूर्ण नव्वदला पस्तीस. पाठ फळीला घासते त्यात यातली थोडी ओढ वाया जाते, ती वेगळी. शाळेतल्या त्रिकोणमितीचा हा हिशेब एवढ्यासाठी मांडला, की साठ अंशांतच ८७ टक्के ओढ मिळून जाते. वटवाघळासारखं सरळ उलटं लटकून पदरात पडतात ते उरलेले १३ टक्के, आणि डोक्यात उतरणारं रक्त, डोळ्यांवरचा ताण, परत वर येताना होणारी फजिती ही सगळी त्या शेवटच्या टप्प्यात आणखी वाढते. २०२२ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या एका व्यायामशाळेत पहाटे तीनला एक बाई अशीच उलटी अडकून बसली. कोणी हाकेला ओ देईना, शेवटी मनगटावरच्या घड्याळावरून तिने पोलिसांना फोन लावला. तिचा व्हिडिओ जगभर हसून पाहिला गेला. सत्तरीतला कोणी घरात एकटा असा अडकला तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

ओढ मिळते हे झालं. तिची गरज किती? १९६० च्या सुमारास स्वीडनमधले अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाचेमसन यांनी जिवंत माणसाच्या कंबरेतल्या चकतीत बारीक सुई घालून आतला दाब मोजायला सुरुवात केली. उभं असतानाचा दाब १०० धरला तर उताणं झोपल्यावर तो २५, ताठ बसल्यावर १४० आणि बसून पुढे वाकल्यावर १८५, असे त्यांचे आकडे फिजिओथेरपीच्या पुस्तकांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. त्यातला बसण्याचा आकडा नंतर डळमळला. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी सत्तर किलोच्या एका निरोगी माणसाच्या चकतीत दाबमापक ठेवून त्याला चोवीस तास हिंडू-फिरू, बसू, झोपू दिलं, तेव्हा आरामात बसल्यावरचा दाब उभ्यापेक्षा किंचित कमीच भरला. पण झोपल्यावर दाब कोसळतो हे दोन्ही मोजणींत सारखंच निघालं. पाठ गोल करून वीस किलो उचलल्यावर तो उभं राहण्याच्या चौपटीहून जास्त झाला, हेही क्रेट उचलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

म्हणजे उभ्याचं नुसतं आडवं झालं की चकतीवरचं तीन चतुर्थांश ओझं फुकटात उतरलेलं असतं. टेबल झगडतं ते उरलेल्या चौथाईसाठी.

आणि ते सगळंच्या सगळं उतरलं तर? असा प्रयोग जमिनीवर करता येत नाही, पण अंतराळात होतो. तिथे कण्यावर वजनच नाही. चकत्या फुगतात, पाठीचा बाक सरळ होतो, अंतराळवीराची उंची पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते. मग त्यांच्या कंबरा सुखात असायला हव्यात. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक अंतराळवीर पहिल्या काही दिवसांत पाठदुखीची तक्रार करतात आणि गुडघे छातीशी घेऊन मुटकुळं केलं की त्यांना बरं वाटतं. जमिनीवर परतल्यावर त्यांच्यात चकती सरकण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळलं आहे. ओझ्याशिवाय स्नायू सैलावतात आणि पाण्याने टच्च फुगलेली चकती भार घ्यायला नीट तयार नसते. मणके एकमेकांपासून दूर गेले म्हणजे दुखणं गेलं, हे समीकरण इथेच मोडतं. सकाळी उठल्याउठल्या पुढे वाकू नये असं फिजिओथेरपिस्ट सांगतात तेही याच कारणाने: रात्रभर पाणी पिऊन चकती तेव्हा सर्वांत फुगलेली असते.

वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर काय उतरलं? टेबल विकणारे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या एका अभ्यासाचा हवाला देतात. तो खरा आहे, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच चकतीचा त्रास असलेले आणि शस्त्रक्रियेच्या रांगेत उभे असलेले रोगी त्यांनी घेतले. फिजिओथेरपीबरोबर उलटं टांगलेल्यांपैकी ७७ टक्क्यांची शस्त्रक्रिया टळली, नुसती फिजिओथेरपी घेतलेल्यांत २२ टक्क्यांची. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण दोन्ही गट मिळून रोगी पंचवीसच्या आसपास होते. त्यातले दोन-तीन जण इकडचे तिकडे झाले असते तर टक्के कुठल्या कुठे गेले असते. शिवाय यात कोणाला आपण उलटे टांगलोय की नाही हे लपवणं शक्य नसतं. दुसऱ्या पारड्यात कोक्रेन संस्थेने २०१३ मध्ये केलेला आढावा आहे. कंबर ओढण्याच्या सगळ्या प्रकारांवरच्या ३२ चाचण्या, २,७६२ रोगी, आणि निष्कर्ष असा, की ओढ दिल्याने दुखण्यात किंवा कामाला लागण्यात म्हणण्याजोगा फरक पडत नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला ओढ देऊच नका असं डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं.

मला विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. ताज्या सायटिकात, एकाच चकतीचा प्रश्न असेल, तर काही जणांना टेबलाने वेळ निभावून नेता येत असावी. पण नुसती कंबर भरून येणाऱ्या बाकीच्या जनतेला त्यातून शेक घेण्याएवढाच आराम मिळतो.

वेळ निभावणं ही गोष्ट मात्र लहान नाही, कारण कंबरेच्या बाबतीत वेळ हाच मोठा वैद्य आहे. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची सहा आठवड्यांत बरीचशी सुटते. बाहेर आलेला गर तसाच कायम राहतो असं लोकांना वाटतं, पण शरीर तो हळूहळू गिळून टाकतं. सरकलेल्या चकत्यांपैकी दोन तृतीयांश शस्त्रक्रियेविना आक्रसतात, असं २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. माणूस टेबल मागवतो ते दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. तिथून पुढे उतारच असतो, आणि उताराचं श्रेय जे हाताशी असेल त्याला मिळतं, मग ते टेबल असो, पट्टा असो की पायाळू माणसाचा पाय.

मावसभावाच्या एमआरआयत एल-४, एल-५ ची चकती फुगलेली दिसते. तो रिपोर्ट त्याने इतक्यांदा वाचलाय की इंग्रजीतला तो परिच्छेद त्याला पाठ आहे. त्याला एक आकडा सांगितला, तो त्याला पटला नाही, पण खरा आहे: कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तर सुमारे ६० टक्क्यांत फुगलेली चकती दिसते आणि विशीतल्यांतही ३० टक्क्यांत. हे २०१५ मध्ये तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र करून काढलेलं आहे. केस पांढरे होतात तशी चकतीही पिकते. चित्रात दिसली म्हणून तीच दुखते असं नाही.

उलटं होण्याची आपल्याकडे वेगळीच परंपरा आहे आणि तिचा कंबरेशी मुळात काही संबंध नव्हता. त्र्यंबकेश्वर हे नाथपंथाचं मोठं ठाणं, ब्रह्मगिरीच्या कुशीत निवृत्तीनाथांची समाधी. याच पंथाने जोपासलेल्या हठयोगाच्या ग्रंथांत उलटं होण्याची विपरीतकरणी येते ती डोक्यातलं अमृत गळून वाया जाऊ नये म्हणून, म्हणजे थेट काळाला थोपवायला. मल्लखांबाची कथाही नाशिक जिल्ह्याशी जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आलेल्या मल्लांचं आव्हान घेतलेले बाळंभटदादा देवधर वणीला सप्तशृंगीच्या गडावर उपासनेला गेले आणि तिथे मारुतीने त्यांना दृष्टांत देऊन लाकडावरचे डाव दाखवले, असं सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी मल्लखांबावरचा उलटा माणूस आणि टेबलावरचा उलटा माणूस यांत शरीराच्या दृष्टीने फार अंतर आहे. पहिल्याची मांडी, पोट, पाठ सगळे स्नायू कामाला लागलेले असतात, दुसरा खुंटीला लावलेल्या सदऱ्यासारखा सैल असतो. आणि कंबर दीर्घकाळ सांभाळतात ते कामाला लागलेले स्नायू.

आसनांत शरीरात नेमकं काय होतं हे मोजून पाहायचं कामही महाराष्ट्रात लवकरच सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्या दशकातच आसनं करणाऱ्यांचा रक्तदाब यंत्राने मोजून 'योगमीमांसा' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. टेबलाचा सर्वांत जवळचा मराठी नातेवाईक मात्र पुण्यात आहे. १९३७ मध्ये पुण्याला आलेले बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंतीला दोर बांधून आसनं करवण्याची पद्धत रुजवली. शिवाजीनगरच्या त्यांच्या संस्थेत, ती १९७५ मध्ये सुरू झाली, दोराच्या फासात कंबरेखालचा भाग अडकवून माणूस उलटा सोडतात. इथे भार जांघेत आणि ओटीपोटाच्या हाडांवर येतो, ओढ थेट कण्याला मिळते आणि घोटे-गुडघे मोकळे राहतात. टेबलावर ओढ घोट्यातून सुरू होऊन गुडघा आणि खुब्यातून जाते, तेव्हा कुठे कंबरेपर्यंत पोचते. शिवाय दोराजवळ शिक्षक उभा असतो आणि दोर हा त्या दिवसाच्या सरावातला एक तुकडा असतो. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात खुद्द अय्यंगारांच्या मानेला, खांद्याला आणि पाठीला मार बसला, तेव्हा गेलेली आसनं परत मिळवायला त्यांना कित्येक वर्षं रोज घाम गाळावा लागला. त्यांच्या पद्धतीवर अमेरिकेत ९० कंबरदुखीग्रस्तांना घेऊन चाचणी झाली, २००९ मध्ये छापून आली. चोवीस आठवडे नियमाने करणाऱ्यांचं दुखणं आणि अडलेलं काम, दोन्ही नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारलं. नाशिककरांना त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही. विश्वास मंडलिकांनी १९७८ मध्ये इथे योग विद्या धाम सुरू केलं, २०१८ चा पंतप्रधान योग पुरस्कारही त्यांना मिळाला, आणि योगशिक्षक या शहरात गल्लोगल्ली सापडतात. सायटिकाचा रोगी मात्र त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी शीर्षासन मागायला जाणार नाही, अशी आशा.

आता काकांकडे येऊ. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात ७५ योगाभ्यासींच्या डोळ्यांतला दाब शीर्षासनात मोजला. २००६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि दाब दुपटीवर गेलेला दिसला. निरोगी डोळा तेवढा वेळ ते सोसतो. काचबिंदूत दृष्टीची नस आधीच दाबाने झिजत असते, तिला हा दुप्पट भार कशासाठी द्यायचा? टेबलाचा कोन कमी असला तरी काकांनी त्या फळीवर जाऊ नये. मधुमेहाने पडदा खराब झालेल्यांनी, पडदा सुटण्याचा इतिहास असलेल्यांनीही नाही.

मावशीने हौस केली नाही, ते बरं झालं. तिला बीपीची गोळी चालू आहे आणि एक गुडघा बदललेला आहे. उलटं झाल्यावर रक्तदाब चढतो, आणि बदललेल्या सांध्याला लांबून ओढ देणं हे त्या सांध्याच्या कामात बसत नाही. पूर्वी अर्धांगाचा झटका आलेले, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे, हृदयविकाराचे रोगी, हर्निया किंवा घशाशी आम्ल येण्याचा त्रास असलेले, हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या बायका, कण्यात सळ्या-स्क्रू बसवलेले, गरोदर बाई, या सगळ्यांसाठी उत्तर एकच: नाही. नववीतल्या पोराला त्यातून फायदाही नाही आणि मोठा तोटाही नाही, बिजागरीत बोट सापडू नये एवढंच बघायचं.

मावसभावाला डॉक्टरांची हरकत नसेल तर त्याने वीस-पंचवीस अंशांपासून, एक-दोन मिनिटांपासून सुरू करावं. घोट्याची पकड दुसऱ्या माणसाने तपासावी आणि तो माणूस जवळच थांबावा. जेवणानंतर दोन तास टेबलाकडे फिरकू नये. परत येताना आडवं होऊन मिनिटभर थांबावं, कारण झटकन उभं राहिलं तर चक्कर येते आणि मोकळ्या झालेल्या कंबरेवर भार एकदम पडून पुन्हा कळ निघते. फळी साठ अंशांपुढे जाणार नाही अशी पट्टीने बांधून टाकावी. आणि दिवसाचा उरलेला वेळ त्याने चालावं. चार आठवड्यांत फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जावं.

दुखण्याबरोबर लघवी अडली किंवा नकळत सुटली, जांघेत-बुडाशी बधीरपणा आला, पाऊल उचलेना झालं, ताप किंवा वजनात घट दिसली, तर टेबल, दोर, मालिश, काहीही न करता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. बुडाशी बधीरपणा आणि लघवीचा त्रास एकत्र आले की शस्त्रक्रियेला तासांचा हिशेब असतो.

काकांची कंबर राहिलीच. त्यांनी सतरंजीवर उताणं पडावं, पोटऱ्या दिवाणावर ठेवाव्यात, गुडघे आणि खुबे काटकोनात, दहा मिनिटं. चकतीवरचा दाब उतरतो, पाठीचे स्नायू सैलावतात, डोळ्यांना काही होत नाही. मग उठून इमारतीच्या आवारात दोन फेऱ्या.